यशोध्वज दरबारी प्रशासक आला, त्याची हकीकत

॥ श्री ॥

शके एकोणीसशे सव्वीस, तारण नाम संवत्सर, मास चैत्र, मुक्काम लातूर, ट्यूशन एरिया. समस्त श्रोते मंडळींस बखरकाराचा दंडवत. लढाया बहुत जाहल्या, गड बहुत पडले, त्यांचे लिहिणारेही बहुत जाहले. परंतु पाच संगणकांच्या एका खोलीत जे रण माजले त्याची हकीकत कोणी लिहिली नाही, आणि न लिहावी तर उद्या लोक म्हणतील की ऐसे घडलेच नाही, सबब लिहितो. मध्ये बोलू नये. भारनियमन चालू आहे, पंखा बंद आहे, आणि बखरकाराचे डोके आधीच तापले आहे.

त्या समयी लातुरी राजश्री राघवेंद्रराव सर, यशोध्वज क्लासेसचे खावंद, भौतिकशास्त्राचे सरलष्कर, मोठ्या इतमामाने राज्य करीत होते. भूकंपाने जिल्हा हलला, आणि मग दहा वर्षांत त्याच जिल्ह्यात ट्यूशनची ऐसी लाट आली की भोकर, नायगाव, देगलूर, जेथून तेथून आईबापांनी पोरे घेऊन यावे, खोली भाड्याने घ्यावी, मेसचा डबा लावावा आणि पोरास बजावावे की डॉक्टर होऊनच गावाकडे ये, न्हाईतर तोंड दावू नको. सरांचा दरबार कडक. जे मागणे असेल ते लेखी मागावे, आणि लेखी ते शुद्ध मराठीत. अर्जात एक इंग्रजी शब्द दिसला की अर्ज परत. शिकवणे मात्र सारे इंग्रजीत. हे कैसे, ऐसे पुसणारे दरबारी पूर्वी होते, आता नाहीत.

याच दरबारी जीवशास्त्राच्या मानकरी गोदावरीबाई. ही बाई भूकंपापूर्वी औसा तालुक्यातील एका गावी हायस्कुलात विज्ञान शिकवीत होती. गणपती विसर्जन करून गाव झोपले ते पुन्हा उठले नाही. बाई तेवढी भावाकडे लातुरास आली होती, म्हणोन वाचली. तिच्या वर्गातील पोरे बहुत गेली. हजेरीपट एकच होता, तोही शाळेसंगे गेला. मग बाईने कॅम्पात पत्र्याच्या शेडखाली बसून गेलेल्या पोरांची नावे आठवून आठवून काढली, आणि सारी आठवली, फक्त एक मुलगी आठवेना. चेहरा आठवे, दोन वेण्या आठवत, खिडकीजवळची जागा आठवे, नाव आठवेना. घरची माणसे तिच्याबरोबरच गेलेली, पुसावे तरी कोणास?

तेव्हापासून बाईचा एकच मंत्र, दोन जागी ठेव. चष्मे दोन, किल्ल्या दोन, लोणच्याच्या बरण्या दोन, आणि वर्गात शिकविता शिकविता दर दहा वाक्यांमागे, 'पोरांनो, वही दोन जागी ठेवा रे.' क्लासचा शिपाई नागप्पा निलंग्याकडचा, जिभेस हाड नाही. तो म्हणे, 'बाईंचं खरं न्हाई, एक दिवस दोन चपला बी दोन जागी ठेवतील.' बाई हसत, आणि मग त्यासही म्हणत की तुझा जेवणाचा डबा दोन जागी ठेव.

ऐसे असता बाईने नऊ वर्षे खपून जीवशास्त्राचा प्रश्नसंच रचिला, आणि त्यात ती गेलेली पोरे नांदविली. 'दगडोबाची आई ओ रक्तगटाची, बाप एबी गटाचा, तर दगडोबाचा रक्तगट कोणता असू शकेल?' 'व्यंकटची आई रंगांधतेची वाहक, तर व्यंकट रंगांध असण्याची शक्यता किती?' सिंधु आनुवंशिकतेत, बजरंग पचनसंस्थेत, ऐसे ज्याचे त्यास ठाणे दिले. आणि जिचे नाव आठवेना तिचाही प्रश्न लिहिला, 'एका मुलीचा बाप रंगांध आहे.' दरसाल हजारो पोरे हे प्रश्न सोडवीत आणि दगडोबाचे नाव घेत, आणि का घेतो ते कोणासच ठाऊक नसे. बाईने कोणास सांगितले नव्हते. सांगितल्यावर पोरे प्रश्न सोडवितील की रडतील?

हा सारा प्रश्नसंच तीन नंबरच्या संगणकात. तो तेथे बंदोबस्ताने ठेविला सरांच्या पुतण्याने, श्रीनाथने. श्रीनाथ बाईंचाच विद्यार्थी, पुढे क्लासमध्येच शिकवू लागला, आणि संगणकाचा नादी. शेजारच्या क्लासवाल्यांनी प्रश्न पळवू नयेत म्हणोन त्याने यंत्रास ऐसी तटबंदी केली की प्रश्न आत घालता यावा, एक एक पाहता यावा, परंतु सारा संच उचलून बाहेर नेता न यावा. फ्लॉपीवर नाही, सीडीवर नाही, कशावरच नाही. बाईंचे मूळचे हस्तलिखित ताव माळ्यावर होते, तेथे वाळवीने अंमल बसविला. आणि मग दोन वर्षांमागे काका-पुतण्यात बेबनाव जाहला, श्रीनाथ नांदेडास गेला, तेथे आपली स्वतंत्र गादी स्थापिली, आणि जाताना तटबंदीची किल्ली डोक्यात घेऊन गेला. काकाने हुकूम जारी केला की या वास्तूत श्रीनाथचे नाव काढू नये. मराठवाड्यात भाऊबंदकी नवी नाही, परंतु संगणकात भाऊबंदकी ही पहिलीच.

आता मूळ मोहीम. चैत्रातील एके दुपारी गेलेली वीज आली, आणि तीन नंबरचे यंत्र उठले ते खटक् खटक् करीतच उठले. संगणक चालविणारी पुनम, राहणार मुरुड, चलाख मुलगी; तिने कान लावला आणि तिचे तोंड उतरले. 'म्याडम, ह्याची हार्ड डिस्क जाऊन राहिली. आज हाय, उद्याचं काय खरं न्हाई. लाईट गेली की परत उठंल का न्हाई, देवालाच माहीत.'

बाईस दुःखे दोन. परीक्षा महिन्यावर आली, हे एक दुःख. परंतु दगडोबा, व्यंकट, सिंधु, बजरंग दुसऱ्यांदा ढिगाऱ्याखाली जाणार, हे खरे दुःख. मग पुनमने तजवीज सांगितली की बॅकअप घेऊ, म्हणजे जे आहे त्याची हुबेहूब नकल काढून दुसरे ठिकाणी ठेवू. त्या कामाचे सॉफ्टवेअर आपणाकडे आहेच. बाई म्हणाल्या, 'अगं मग बघून काय राहिलीस? काढ की!'

पुनमने सॉफ्टवेअर सुरू केले, आणि यंत्राने पडद्यावर खलिता झळकविला की हे कार्य करणेस ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो, तो तुम्हांस नाही. खाली एकच बटण, ओके. श्रोतेहो, हा अपमान ध्यानी घ्या. नाही तोच म्हणतो, आणि त्यावर ओके आपण म्हणावयाचे! ऐसी बेमुर्वत रीत निजामाच्या कचेरीतही नव्हती. पुनमने चार वेळा प्रयत्न केला, चार वेळा ओके म्हणविले, आणि मग सांगितले की या यंत्रात मालक एक आणि बाकी सारी रयत, आणि आपण रयत. मालक श्रीनाथदादा. त्यांना फोन लावला तर क्लासचा नंबर पाहून ते उचलीत नाहीत.

तेव्हा सरांकडे अर्ज करणे प्राप्त जाहले. बाईने शुद्ध मराठीत लिहिले की प्रश्नसंचाची नकल करण्यास परवानगी असावी. सर तासावरून घामाघूम आले, 'नकल' एवढा शब्द वाचला आणि डोळे लाल केले. क्लासच्या दारावर हातभर अक्षरांत 'कॉपीमुक्त' लिहिलेले, आणि जीवशास्त्राच्या मानकरी नकलेची परवानगी मागतात! हुकूम जाहला की ऐसा अर्ज पुन्हा करू नये, कोणी ऐकले तर आबरू जाईल. अर्ज परत.

मग बाई आणि पुनम यांनी मसलत केली. नकल हा शब्द बाधला, तो टाकावा, आणि यंत्र जे मागते तेच मागावे. यंत्र मागते ॲडमिनिस्ट्रेटर. कोश काढला, मराठी शब्द पाहिला, आणि बाईने सुंदर अक्षरात लिहिले, 'प्रश्नसंच वाचविणेसाठी येथे प्रशासक लागेल. तरी प्रशासकाची व्यवस्था तातडीने व्हावी, ही विनंती.'

अरे देवा! काय लिहिले आणि कोणास लिहिले! मराठवाड्यात प्रशासक म्हणजे काय हे ज्यास ठाऊक नाही त्याने कारखान्याच्या नाहीतर पतसंस्थेच्या कोणत्याही माजी चेअरमनास पुसावे, आणि पुसून लांब उभे राहावे. राघवेंद्ररावांची मुरुडास पूर्वी एक पतसंस्था होती. एके सकाळी सफारी घातलेले एक साहेब आले, वरून नेमलेला प्रशासक म्हणोन कागद दाखविला, सरांस खुर्चीवरून उठविले, आपण बसले, आणि सरांच्याच निळ्या कपात चहा मागविला. कप सरांनी पुढे परत मिळविला. संस्था मिळाली नाही. तेव्हापासून कोणी प्रशासक म्हटले की सरांचा हात आधी कपाकडे जाई.

अर्ज वाचिला आणि सरांचा हात कपाकडे गेला. मग एकामागून एक फर्माने सुटली. संगणकाच्या खोलीस कुलूप घालावे. दफ्तर आवरावे. सफारीतील कोणीही इसम दारी दिसला तर सर बाहेरगावी गेले ऐसे सांगावे. नागप्पाने मान डोलविली आणि पुसले, 'पण सर, कंच्या गावाला?' सर कडाडले, 'कुठल्याही!' त्या दिवशी नागप्पाने दारी आलेल्या गॅसवाल्यासही सर नायगावास गेले म्हणोन सांगितले, आणि गॅसवाला टाकी न देता गेला.

इकडे कुलुपाआड तीन नंबर खटक् खटक् करीत राहिला, कारण यंत्र बंद करण्याची छाती कोणास नव्हती. बंद केले तर उठेल याची हमी नाही. बाई दाराबाहेर उभ्या राहून कान देत होत्या. भारनियमनाची वेळ जवळ आली की बाईचा जीव वरखाली होई. बाकी चार यंत्रे बंद, सबब यूपीएसवर हे एकटे यंत्र कसेबसे तग धरी, वीज येई, आणि बाई पुन्हा श्वास घेई. ऐसे दोन दिवस काढले, आणि मग बाईचा संयम सुटला. अर्ज नाही, विनंती नाही. बाई थेट दरबारी शिरली.

'सर, तुम्ही काय करून राहिलात? खोलीला कुलूप घालून?'

'मॅडम, मी तुम्हाला बहिणीसारखं मानलं,' सर म्हणाले. 'तुम्ही माझ्यावर प्रशासक आणायला निघालात?'

'तुमच्यावर? अहो, कोण बसतंय तुमच्या खुर्चीत! प्रशासक संगणकावर लागतो!'

'संगणकावर कशाला? संगणकानं काय घोटाळा केला?'

मग पुनमने समजाविले की यंत्रातील सारे अधिकार ज्याचे हाती त्यास ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात, अर्जात त्याचेच मराठी जाहले, खुर्चीचा काही संबंध नाही. सरांस हायसे वाटले. त्यांनी घाम पुसला, निळ्या कपातून पाणी प्याले, आणि पुसले, 'म्हणजे आपल्या संगणकावर सध्या प्रशासक हाय?'

'हाव सर.'

'कोण?'

पुनम नागप्पाकडे पाहू लागली, नागप्पा छताकडे पाहू लागला. शेवटी बाई म्हणाल्या, 'श्रीनाथ.'

तेव्हा राघवेंद्ररावांस कळले की ज्या प्रशासकाच्या धाकाने आपण दारे लावून बसलो, तो दोन वर्षे आपल्याच घरी नेमलेला आहे, आणि नांदेडास बसून राज्य करितो आहे. सर बोलिले, 'मी त्याला फोन करणार न्हाई.' बाई बोलिल्या, 'तुम्ही नका करू.' सर बोलिले, 'आपल्याला दुसरे प्रश्न तयार करता येतील. त्यात काय एवढं?'

यावर गोदावरीबाईने जे नऊ वर्षे कोणास सांगितले नव्हते ते सांगितले. दगडोबा कोण, व्यंकट कोण, सिंधु कोठे बसत असे, बजरंग डबा कोणाचा खात असे. आवाज चढविला नाही, डोळे मात्र भरले. सरांनी मान खाली घातली. मागे एकदा त्यांनीच फर्मावले होते की ही गावंढळ नावे काढून एक्स आणि वाय घाला, आणि बाईने ऐकले नव्हते; ते त्यांस आठवले. मग त्यांनी कुलपाची किल्ली टेबलावर ठेविली, कोरा कागद ओढिला आणि स्वहस्ते लिहिले की गोदावरीबाई यांस आमचे वतीने मुखत्यार केले आहे, त्या जे ठरवितील ते आम्हांस कबूल. मुखत्यार हा शब्द त्यांच्या वडिलांच्या काळचा. त्यास कोणी भीत नसे.

दुसरे दिवशी बाईची स्वारी एसटीने नांदेडास निघाली. संगे सरंजाम, पाण्याच्या बाटल्या दोन, दशम्यांचे डबे दोन. चाकूर मागे टाकिले, अहमदपुरी चहाचा मुक्काम केला, लोह्यास खिडकीची जागा मिळाली, आणि ऊन मी म्हणत असता बाई श्रीनाथच्या क्लासवर दाखल जाहली. तास चालू होता. बाईने दारातून आत पाहिले, आणि पाहते तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले, 'दगडोबाची आई ओ रक्तगटाची.'

बाईचा पारा चढला. परका मुलूख, भरला वर्ग, कशाचीही पर्वा न करिता ती आत शिरली. 'श्रीनाथ! चोरलास माझा प्रश्न?'

श्रीनाथच्या हातून खडू पडला. 'न्हाई मॅडम, शप्पथ! काहीच आणलं न्हाई मी. पाठ हायेत. तुमचे सगळे प्रश्न पाठ हायेत मला.'

आणि मागच्या बाकावरून कोणी पोरगे सहज बोलून गेले, 'मॅडम, दगडोबा ए न्हाईतर बी. ओ होऊच शकत न्हाई.'

बाई तेथेच पहिल्या बाकावर बसली. राग कोठल्या कोठे गेला. इतकी वर्षे दोन जागी ठेव म्हणोन जगास सांगितले, आणि दगडोबा आधीच नांदेडास पोहोचला होता. आनंद की काय तो आवरेना. पदराने डोळे पुसावे आणि पुन्हा फळ्याकडे पाहावे.

तास सुटल्यावर बाईने सारी हकीकत सांगितली आणि किल्ली मागितली. श्रीनाथ लाजला. म्हणाला, 'मॅडम, पासवर्ड तुमचंच वाक्य हाय. दोन जागी ठेव.' बाईने पुसले, 'आणि तो तू कुठं ठेवलास?' श्रीनाथने आपल्या डोक्यास बोट लाविले. 'एकाच जागी?' बाई म्हणाल्या. 'अरे गाढवा!' आणि दोघे ऐसे हसले की बाहेरची पोरे डोकावू लागली. जे वाक्य बाई रोज घसा फोडून सांगत, जे नागप्पास ठाऊक, गॅसवाल्यासही ठाऊक असावे, तेच कुलपाची किल्ली, आणि ते कोणीच लावून पाहिले नाही!

आता फोनवर निरोप धाडला असता तर काम भागले असते. परंतु मुखत्यार बाई होत्या, आणि त्यांनी ठरविले की प्रशासकाने जातीने यावे. श्रीनाथ आढेवेढे घेऊ लागला, काका काय म्हणतील, मी कैसा येऊ. बाईने कागद दाखविला, 'त्या जे ठरवितील ते आम्हांस कबूल', खाली काकाची सही. सही पाहून श्रीनाथ मुकाट्याने चप्पल घालू लागला.

उपरांत दुसरे दिवशी सकाळी लातुरी दारावर नागप्पा उभा होता. त्याने दोघांस येताना पाहिले, आणि पुनमने शिकविलेली नवी पदवी त्यास ठाऊक होती, सबब तो आत धावला आणि ललकारला, 'सर! प्रशासक आले हो! नांदेडहून!'

राघवेंद्रराव सवयीने खुर्चीवरून ताडकन् उठले आणि निळा कप त्यांनी छातीशी धरिला. दारात श्रीनाथ. सफारी नव्हे, साधा सदरा, अंगावर प्रवासाची धूळ. त्याने वाकून पाय धरिले.   सरांनी नागप्पास हुकूम केला की याला चहा आण, आणि कप पुढे केला, 'ह्याच्यात आण.' दोन वर्षांचे युद्ध तेवढ्यावर मिटले. तहाची कलमे कोणी लिहिली नाहीत.

मग चौघे तीन नंबरपुढे बसले. श्रीनाथने किल्ली लाविली, यंत्राने मालक ओळखिला, आणि मालकाने सरांच्या हुकुमावरून पुनम व गोदावरीबाई यांस सनद दिली की या दोघींनी नकल काढावी आणि गरज पडल्यास परत ठेवावी, बाकी कारभारात हात घालू नये. पडद्यावर हिरवी पट्टी चालू लागली. खटक् खटक् वाढले. पट्टी सरके, थांबे, पुन्हा सरके. नागप्पाने तर हात जोडिले. आणि पट्टी पार शेवटास पोहोचली, संच सीडीवर उतरला. सर म्हणाले, 'जिंकलो!'

बाई म्हणाल्या, 'उघडून दावा.' सीडी दुसऱ्या यंत्रात घालून पाहिली. दगडोबा होता. व्यंकट, सिंधु, बजरंग, सारे आपापल्या ठाण्यावर. मग तो प्रश्न आला, 'एका मुलीचा बाप रंगांध आहे.'

श्रीनाथ घुटमळत म्हणाला, 'मॅडम, रागावू नका. हिला नाव नव्हतं. नांदेडात पोरं सारखी विचारायची, सर, हिचं नाव काय. मला दुसरं काही सुचलं न्हाई. मी तुमचं टाकलं. गोदावरी.'

बाईने खुर्ची तीन नंबरपुढे ओढली. मग म्हणाल्या, 'पुनम, तीन नंबरात तो प्रश्न उघड.' सर घड्याळ पाहू लागले, 'मॅडम, भारनियमनाची वेळ झाली. सीडी झालीय, आता कशाला?' यूपीएस दोन दिवसांच्या माऱ्याने थकलेला, तोही कुरकुरू लागला. बाईने कोणाचे ऐकिले नाही. मूळ संचात जेथे 'एका मुलीचा' होते तेथे स्वहस्ते एक एक अक्षर शोधून 'गोदावरीचा' लिहिले. 'तुला माझं चालंल ना गं?' ऐसे काहीसे पुटपुटल्या, आणि बोलिल्या, 'आता पुन्हा नकल काढा. दोन काढा.'

हिरवी पट्टी पुन्हा चालली. दुसरी सीडी निघाली, तिसरी निघाली, आणि तिसरी हाती येते तोच वीज गेली. यूपीएस एकदा किंचाळला आणि पडला. तीन नंबरचे खटक् थांबले. सायंकाळी वीज आली, बाकीची चार यंत्रे उठली. ते उठले नाही. लढाईत पडलेल्या हत्तीस जो मान द्यावा तो देऊन नागप्पाने त्यावर टॉवेल घातला.

येणेप्रमाणे तारण संवत्सरी यशोध्वज दरबारची मोहीम फत्ते जाहली. नकल निघाली, काका-पुतण्या एक जाहले, सरांनी प्रशासकास आपल्या कपात चहा पाजला आणि तरीही खुर्ची राहिली. उरल्या चार यंत्रांचा पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी एक सरांच्या कपाटात, एक पुनमच्या मुरुडच्या घरी. नव्या सीडी दोन, एक क्लासात, एक गोदावरीबाईच्या देवघराशेजारी. त्या साली परीक्षेस बसलेल्या पोरांनी लातुरी आणि नांदेडी दगडोबाचा रक्तगट काढला, व्यंकटची शक्यता मांडली, आणि ज्या मुलीचा बाप रंगांध तिला नाव घेऊन ओळखले.

हे लिहिणे दोन प्रती केले, दोन जागी ठेविले. वाचणाराने तिसरी करावी.